यादी, नमुना आणि अचूक नोंद

पनवेल स्थानकातून पूर्वेच्या बाजूस बाहेर पडले की नवीन पनवेलची वसाहत लागते. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या शहर व औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजेच सिडकोने, ही वसाहत सेक्टर आणि भूखंड यांच्या आखणीने वसविली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि ही वसाहत तिच्या हद्दीत समाविष्ट झाली. वसाहतीच्या आसपास विचुंबे, उसर्ली, आकुर्ली यांसारखी जुनी गावे आहेत. तेथील जमिनीची नोंद गट क्रमांकाने होते, तर घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत होते. तात्पर्य, चार-पाच किलोमीटरच्या परिघात एकाच प्रकारच्या वस्तूची, म्हणजे घराची किंवा जमिनीची, नोंद तीन निरनिराळ्या रीतींनी झालेली आढळते. महसूल खाते गट, खाते आणि क्षेत्र पाहते. सिडकोच्या कागदपत्रांत सेक्टर, भूखंड आणि भाडेपट्टा यांना महत्त्व असते. ग्रामपंचायत घर क्रमांक, मालक, भोगवटादार आणि कर लिहून ठेवते.

या तिन्ही ठिकाणच्या याद्या एकाच संगणकीय आज्ञावलीने वाचावयाच्या असतील तर काय करावे? प्रत्येक नमुन्यासाठी स्वतंत्र आज्ञावली लिहावी, की कोणताही नमुना दिला असता त्यात यादी उतरवून घेणारी एकच आज्ञावली लिहावी? हा प्रश्न वरकरणी केवळ संगणकतज्ज्ञांचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात चूक झाली तर एखाद्या खातेदाराचे क्षेत्र शून्य होते, एखाद्या घराचा मालक कोरा राहतो, आणि ही चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणूनच संगणकीय याद्या मागविणाऱ्या, तपासणाऱ्या आणि त्यांवर स्वाक्षरी करणाऱ्या प्रत्येकास या विषयाची मूलतत्त्वे ठाऊक असणे अगत्याचे आहे. त्या तत्त्वांचा परिचय करून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

जेसन : माहिती लिहिण्याची एक रीत

दोन संगणकांनी परस्परांस माहिती द्यावयाची तर ती कोणत्या तरी ठराविक मांडणीत लिहावी लागते. अशा मांडणींपैकी आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या मांडणीचे नाव जेसन असे आहे. जावास्क्रिप्ट या भाषेच्या लेखनपद्धतीतून अमेरिकन संगणकतज्ज्ञ डग्लस क्रॉकफर्ड यांनी या शतकाच्या आरंभी ती रूढ केली. तिचे पहिले अधिकृत टिपण २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. शासकीय कामकाजातही तिचा संबंध वारंवार येतो. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे तयार करण्याच्या साधनातून जी धारिका निघते ती जेसनमध्ये असते. आकारणी वर्ष २०२१-२२ पासून प्राप्तिकराच्या विवरणपत्रांसाठीही हीच मांडणी स्वीकारण्यात आली. केंद्र शासनाच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावरूनही अनेक याद्या याच स्वरूपात मिळतात.

जेसनचे नियम थोडे आहेत. महिरपी कंसात लिहिलेली ती एक नोंद. नोंदीत रकान्याचे नाव आणि त्यापुढे विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊन त्याचे मूल्य. चौकटी कंसात स्वल्पविराम देऊन ओळीने लिहिलेल्या नोंदी म्हणजे यादी. मूल्य अक्षरी असेल तर ते अवतरणचिन्हात लिहावयाचे. संख्या असेल तर अवतरणाविना. याशिवाय होय, नाही आणि रिक्त अशी तीन विशेष मूल्ये आहेत. पुढील यादी केवळ उदाहरणादाखल रचलेली आहे.

[
{"गट": "४५/२/अ", "गाव": "विचुंबे", "क्षेत्र": ४०५०},
{"गट": "४६", "गाव": "विचुंबे", "क्षेत्र": १०५००},
{"गट": "४७/१", "गाव": "विचुंबे", "क्षेत्र": १२७५}
]

येथे क्षेत्र चौरस मीटरमध्ये आहे. तीन नोंदींची बेरीज १५,८२५ चौरस मीटर, म्हणजेच १ हेक्टर ५८ आर २५ चौरस मीटर होते. ही बेरीज वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे. आणखी एक खुलासा येथेच केला पाहिजे. मराठी मुद्रणाच्या प्रघातानुसार वरील अंक देवनागरीत छापले आहेत. जेसनच्या नियमाप्रमाणे अवतरणाविना लिहिलेली संख्या मात्र आंतरराष्ट्रीय अंकांतच असावी लागते. देवनागरी अंक केवळ अवतरणात, म्हणजे अक्षरी मजकूर म्हणून चालतात.

काटेकोर प्रकारांची भाषा

संगणकाच्या भाषांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एका वर्गात कोणत्या रकान्यात काय येईल हे आज्ञावली चालू असताना ठरते. कोऱ्या कागदावर लिहून घेण्यासारखीच ही रीत आहे. जे येईल ते लिहावे, छाननी मागाहून करावी. दुसऱ्या वर्गात प्रत्येक रकान्याचा प्रकार आधीच जाहीर करावा लागतो. हा रकाना संख्येचा, हा अक्षरांचा, हा होय किंवा नाही असा. जाहीर केलेल्या प्रकाराशी विसंगत अशी आज्ञा लिहिली तर आज्ञावली चालू होण्यापूर्वीच ती नाकारली जाते. गो, रस्ट, स्विफ्ट, जावा या भाषा या दुसऱ्या वर्गातील होत.

रकान्यांची नावे आणि प्रकार जाहीर करून जो साचा तयार होतो त्यास या परिभाषेत स्ट्रक्ट म्हणतात. महसूल खात्यातील वाचकांना हा विचार मुळीच नवा नाही. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक, गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही आणि गाव नमुना ६ म्हणजे फेरफारांची नोंदवही. प्रत्येक नमुन्याचे रकाने ठरलेले असतात आणि कोणत्या रकान्यात काय लिहावयाचे हेही ठरलेले असते. छापील कोरा नमुना म्हणजेच स्ट्रक्ट. भरलेल्या नमुन्यांची चोपडी म्हणजे यादी. जेसनमधून आलेला मजकूर वाचून तो योग्य नमुन्याच्या योग्य रकान्यात लिहिणे या क्रियेस उलगडणे म्हणतात. ते काम करणाऱ्या आज्ञावलीस आपण उतरवणारा कारकून म्हणू.

कोणताही नमुना चालेल असे सांगितल्यास काय होते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एकच कारकून असावा आणि त्याने महसूल, सिडको किंवा ग्रामपंचायत यांपैकी कोणतीही यादी त्या त्या नमुन्यात उतरवावी अशी अपेक्षा आहे. नवशिका आज्ञावलीकार येथे बहुधा असा विचार करतो, की कारकुनाला "कोणत्याही प्रकारची यादी" घेण्यास सांगावे, म्हणजे सर्व प्रकार त्यात सामावतील. गो भाषेत अशी सूचना देता येते. परंतु तिचा परिणाम अपेक्षेप्रमाणे होत नाही.

कारकुनाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे कारण उमगते. "कोणत्याही कागदावर उतरव" असे त्यास सांगितले; हातात छापील नमुना मात्र दिला नाही. तो बिचारा सुटे कागद घेतो. प्रत्येक कागदावर रकान्याचे नाव आणि मूल्य अशा जोड्या लिहितो आणि गठ्ठा बांधून देतो. मजकूर सगळा असतो, परंतु तो नमुना ७ नसतो, नमुना ८ ही नसतो. पुढे आज्ञावली त्या कागदाला नमुना ७ समजून त्याचा क्षेत्राचा रकाना मागते तेव्हा काम अडते. शिवाय संख्या कोणत्या जातीची हे सांगितलेले नसल्यामुळे गो भाषेतील प्रचलित उलगडणारे साधन प्रत्येक संख्या दशांशी संख्या म्हणून लिहिते. अशा संख्येत ९,००७,१९९,२५४,७४०,९९२ पर्यंतचे पूर्णांक बिनचूक राहतात. त्यापुढे शेवटचा अंक बदलू शकतो. उदाहरणार्थ, याच संख्येच्या शेवटी ९९२ ऐवजी ९९३ असेल तर ती उतरताना पुन्हा ९९२ होते. सोळा अंकी क्रमांक संख्या म्हणून लिहिण्यात हा धोका आहे.

"कोणताही नमुना चालेल" आणि "जो नमुना हातात देईन तो" या दोन आज्ञांत महदंतर आहे, हे या विषयाचे सार होय. पहिल्या आज्ञेत नमुना कोणता हे कोणालाच ठाऊक नसते. दुसऱ्या आज्ञेत कारकून एकच असतो, परंतु प्रत्येक वेळी त्यास कोरा नमुना दाखविला जातो. तो म्हणतो, "मला नमुना दाखवा, मी त्याच नमुन्यांची चोपडी भरून देतो." काटेकोर प्रकारांच्या भाषांत ही दुसरी आज्ञा देण्याच्या सोयीस प्रकार-प्राचल किंवा जेनेरिक असे म्हणतात.

रॉबर्ट ग्रिझमर, रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन यांनी गूगल या कंपनीत घडविलेली गो भाषा नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर झाली. तिची पहिली स्थिर आवृत्ती मार्च २०१२ मध्ये निघाली. त्या वेळी तिच्यात ही सोय नव्हती. भरावयाच्या यादीचा पत्ता कारकुनास द्यावयाचा आणि त्याने तो नमुना चालू कामात चाचपून पाहावयाचा, एवढाच मार्ग होता. पत्त्याऐवजी चुकून नमुन्याची प्रत दिली तर कारकून काम नाकारीत असे, आणि ते योग्यच होते. कारण प्रतीत लिहिलेले मूळ नमुन्यात उमटत नाही. मार्च २०२२ मध्ये निघालेल्या १.१८ या आवृत्तीत जेनेरिकची सोय आली. आता "नमुना कोणताही असो, त्याचे नाव आपण न ठरवता मोकळे ठेवू, मजकूर घ्या आणि त्या नमुन्यांची यादी परत करा" अशी चार-पाच ओळींची एकच आज्ञावली लिहिता येते. तिला बोलावताना नमुन्याचे नाव सांगितले म्हणजे झाले. महसुलाच्या नमुन्याची मागणी केली तर महसुलाच्याच नोंदींची यादी मिळते. ती यादी ग्रामपंचायतीच्या नमुन्यात वापरण्याचा प्रयत्न केल्यास आज्ञावली चालू होण्यापूर्वीच हरकत घेतली जाते.

जावा भाषेत जेनेरिकची सोय २००४ पासून आहे. परंतु तेथे आज्ञावली चालू असताना नमुन्याचे नाव पुसले गेलेले असते. त्यामुळे उतरवणाऱ्या कारकुनास ते नाव वेगळी चिठ्ठी जोडून कळवावे लागते. न कळविल्यास पुन्हा सुट्या कागदांचा गठ्ठाच हाती येतो. रस्ट भाषेत प्रत्येक नमुन्यासाठी उतरवण्याची स्वतंत्र आज्ञावली भाषांतराच्या वेळीच तयार होते. मार्ग निरनिराळे असले तरी तत्त्व एकच : उतरवणारा एक, नमुने अनेक, आणि नमुना आधी दाखविणे आवश्यक.

कोरा रकाना आणि शून्य

नमुना दाखविला म्हणजे सर्व काळजी मिटली असे नव्हे. समजा, तिसऱ्या नोंदीत क्षेत्राचा रकानाच आला नाही. गो भाषेतील कारकून तक्रार करीत नाही. तो रकाना जसा होता तसा ठेवतो, आणि कोऱ्या संख्येच्या रकान्यात आधीपासून शून्य असते. "क्षेत्र कळविलेले नाही" याचे रूपांतर "क्षेत्र शून्य आहे" असे होते. रकान्यात रिक्त हे विशेष मूल्य आले तरी हाच परिणाम होतो. कागदी नोंदवहीत कोरी जागा आणि शून्य यांतील भेद डोळ्यांस दिसतो. येथे तो नाहीसा होतो. एखाद्या योजनेचे अनुदान क्षेत्रावर अवलंबून असेल तर त्या खातेदाराचे अनुदान शून्य ठरेल आणि यादी मात्र नीटनेटकी दिसेल.

यावर उपाय आहे. जो रकाना कोरा असणे शक्य आहे त्याचा प्रकार "संख्या" असा न ठेवता "संख्या असेल तर तिचा पत्ता" असा ठेवावा. मग पत्ताच नसणे आणि पत्त्यावर शून्य असणे या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. रस्ट भाषेत याच कामासाठी "असेल किंवा नसेल" असा स्वतंत्र प्रकार आहे. साध्या संख्येचा रकाना जाहीर केला आणि तो आलाच नाही, तर तेथील प्रचलित साधन सहसा चूक कळविते.

दुसरी बाब विसंगत प्रकाराची. क्षेत्राच्या रकान्यात ४०५० ऐवजी अवतरणात "४०५०" आले तर ती अक्षरे ठरतात. गो भाषेतील साधन अशा वेळी तो रकाना सोडून पुढे जाते, उरलेली यादी शक्य तितकी भरते आणि शेवटी पहिल्या चुकीची सूचना देते. ती सूचना वाचली नाही, तर हाती अर्धवट भरलेली यादी येते आणि ती पूर्णच आहे असा समज होतो. मजकुराची मांडणीच बिघडलेली असेल तर मात्र काहीही उतरवले जात नाही. म्हणजे मोठी चूक लगेच दिसते आणि लहान चूक लपून राहते. तपासणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

संख्या की अक्षरे

कोणता रकाना संख्येचा आणि कोणता अक्षरांचा हे ठरविताना एक साधी कसोटी लावावी. ज्याची बेरीज करणे अर्थपूर्ण आहे ती संख्या. ज्याची बेरीज निरर्थक आहे ती अक्षरे, मग ती अंकांनी लिहिलेली का असेनात. क्षेत्र, कर, लोकसंख्या या संख्या होत. ४५/२/अ हा गट क्रमांक उघडच संख्या नाही. तथापि ४६ हा गटही संख्या मानू नये, कारण त्याच रकान्यात उद्या ४६/१ येणार आहे. बँकेच्या खात्याचा क्रमांकही अक्षरीच लिहावा. काही बँकांचे क्रमांक सोळा अंकी असतात, तर काही शून्याने सुरू होतात. रेल्वेच्या विशेष गाड्यांचे पाच अंकी क्रमांक शून्याने सुरू होतात. गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्यांना ते परिचित आहेत. संख्येच्या आरंभी शून्य लिहिण्यास जेसनमध्ये मनाई आहे. असा क्रमांक अवतरणाविना लिहिला तर संपूर्ण धारिकाच अमान्य ठरते. शून्य गाळून लिहिला तर गाडीचा क्रमांकच चुकतो.

सातबारा उताऱ्यावरील क्षेत्राचे लेखन हे आणखी एक बोलके उदाहरण. तेथे हेक्टर, आर आणि चौरस मीटर हे तीन भाग टिंबांनी विलग करून ०.४०.५० असे लिहिण्याची रीत आहे. दोन टिंबे असलेली ही संख्या नव्हे. ती तीन संख्यांची ओळ आहे. १ हेक्टर म्हणजे १०० आर आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, या हिशेबाने ती ४०५० चौरस मीटर होते. कोणी ४ आर ५ चौरस मीटर हे क्षेत्र ०.०४.०५ असे न लिहिता ०.४.५ असे लिहिले आणि दुसऱ्याने मधले टिंब गाळून ते ०.४५ हेक्टर असे वाचले, तर ४०५ चौरस मीटरचे ४५०० चौरस मीटर होतील. म्हणून देवाणघेवाणीत क्षेत्र एकाच एककात, पूर्णांकात द्यावे. हेक्टर-आरचे रूप उताऱ्यावर छापताना करावे.

मराठी रकान्यांची खास अडचण

आता मराठीत काम करणाऱ्यांना विशेष जाणवणारी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. जेसनमध्ये रकान्यांची नावे मराठीत लिहिण्यास कोणताही प्रत्यवाय नाही. अडचण उतरवून घेणाऱ्या भाषेकडून येते.

गो भाषेत नमुन्यातील रकान्याचे नाव मोठ्या लिपीतील अक्षराने सुरू झाले तरच ते बाहेरच्या कारकुनास दिसते. देवनागरीत मोठे आणि लहान अक्षर असा भेदच नाही. याशिवाय नावात केवळ अक्षरे, अंक आणि अधोरेषा चालतात. युनिकोड या सार्वत्रिक संकेतप्रणालीत आपली व्यंजने आणि स्वर "अक्षर" या वर्गात मोडतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही मात्र "चिन्हे" मानली जातात. ती नावात चालत नाहीत. या नियमामुळे देवनागरीसारख्या लिप्या वगळल्या जातात, हे भाषेच्या कर्त्यांनीच आपल्या प्रश्नोत्तरांत नमूद केले आहे.

यावर तोड म्हणून नमुन्यातील नाव रोमन लिपीत ठेवून त्याशेजारी "जेसनमध्ये या रकान्यास अमुक म्हणतात" अशी चिठ्ठी लावण्याची सोय आहे. परंतु त्या भाषेतील आजवर प्रचलित असलेल्या मूळ साधनात चिठ्ठीवरील नावालाही जवळजवळ तोच नियम लागू आहे. अक्षरे, अंक आणि काही विरामचिन्हे एवढीच तेथे ग्राह्य असतात. नियमात न बसणारी चिठ्ठी निमूटपणे दुर्लक्षिली जाते. आपल्या यादीवर याचा परिणाम पाहा. "गट" या शब्दात ग आणि ट ही दोनच अक्षरे आहेत, चिन्ह एकही नाही. तो रकाना बिनचूक भरतो. "गाव" या शब्दात काना आहे; तो रकाना कोरा राहतो. "क्षेत्र" या शब्दात हलन्त आणि मात्रा आहेत. तेथे शून्य राहते. तीन नोंदी येतात, तिन्ही गट क्रमांक बरोबर असतात, चुकीची सूचना मिळत नाही, आणि क्षेत्राची बेरीज १५,८२५ ऐवजी शून्य येते. पहिला रकाना बरोबर दिसल्यामुळे पाहणाऱ्याचा विश्वास बसतो, यातच या चुकीची धोक्याची जागा आहे.

उपाय दोन आहेत. देवाणघेवाणीसाठी रकान्यांची नावे ठरवून रोमन लिपीत ठेवावीत आणि पडद्यावर व छापील उताऱ्यावर मराठी नावे दाखवावीत, हा पहिला. मराठी नावांचीच यादी घ्यावयाची असेल तर ती प्रथम नाव-मूल्याच्या जोड्यांत घ्यावी, कारण तेथे नावांवर बंधन नाही. मग प्रत्येक जोडी स्वतःच्या आज्ञावलीने योग्य रकान्यात लिहावी, हा दुसरा. रस्ट भाषेत अशा चिठ्ठीवर कोणतेही मराठी नाव लिहिता येते, आणि जून २०२१ पासून खुद्द रकान्याचे नावही मराठीत ठेवता येते. दोष आपल्या लिपीचा नाही. नियम करणाऱ्यांच्या नजरेपुढे ती नव्हती एवढेच.

मराठी नावे वापरणाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. "शेतकऱ्याचे" या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकलिखित होतो. दोन्ही रूपे कागदावर सारखीच दिसतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द असतात. दोन कार्यालयांच्या टंकनाच्या सवयी भिन्न असतील तर सारख्या दिसणाऱ्या रकान्यांची गाठ पडत नाही.

मिश्र यादी आणि बदलणारे नमुने

काही वेळा एकाच यादीत निरनिराळ्या नमुन्यांच्या नोंदी येतात. नवीन पनवेल परिसराची मालमत्ता यादी केली तर एक नोंद भूखंडाची, दुसरी गटाची, तिसरी ग्रामपंचायतीतील घराची असू शकेल. अशी यादी उतरवताना टपालखान्यातील वर्गवारीची रीत अनुसरावी. प्रथम प्रत्येक नोंद न उघडता बंद पाकिटासारखी ठेवावी. नंतर तिच्यातील "प्रकार" हा एकच रकाना वाचावा आणि त्यानुसार नमुना निवडून मग सबंध नोंद उतरवावी. ओळखीचा प्रकार न आढळल्यास ती नोंद टाकून न देता वेगळी काढून ठेवावी.

नमुनेही काळानुसार बदलतात. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्यापूर्वीच्या कागदांत कुलाबा हेच नाव राहणार. २०२० मध्ये सातबाराच्या नमुन्यात सुधारणा झाल्या आणि गावाच्या नावासोबत स्थानिक शासन निर्देशिकेतील संकेतांक देण्यात येऊ लागला. असा नवा रकाना आला असता गो भाषेतील साधन, त्यास वेगळे सांगितले नसल्यास, तो न वाचता सोडून देते. अनोळखी रकाना दिसताच काम थांबविण्याची आज्ञाही फेब्रुवारी २०१८ पासून उपलब्ध आहे. शासकीय अभिलेखांच्या बाबतीत अशी कडक आज्ञा देणे श्रेयस्कर होय.

कार्यालयांनी घ्यावयाची काळजी

आज्ञावली लिहिणे हे तज्ज्ञाचे काम असले तरी पुढील गोष्टींची मागणी कोणताही अधिकारी, शिक्षक किंवा पंचायत सदस्य करू शकतो.

(१) यादी देण्यापूर्वी तिचा लेखी नमुना ठरवावा. प्रत्येक रकान्याचे नाव, प्रकार, एकक आणि तो कोरा असू शकतो की नाही हे त्यात असावे.

(२) क्रमांक आणि संकेतांक अक्षरी ठेवावेत; केवळ मोजमापे आणि रकमा संख्येने द्याव्यात.

(३) पाठविणाऱ्याने नोंदींची संख्या आणि प्रमुख रकान्यांची बेरीज सोबत कळवावी. घेणाऱ्याने ती उतरवलेल्या यादीशी ताडून पाहावी. जुन्या दप्तरात यास तेरीज जुळविणे म्हणत. वरील उदाहरणात नोंदी तीनच निघाल्या, परंतु बेरीज शून्य आली. तेरजेने ती चूक क्षणात उघड केली असती.

(४) चुकीची सूचना आल्यास अर्धवट यादी वापरू नये. कोणत्या क्रमांकाच्या नोंदीत, कोणत्या रकान्यात विसंगती आहे हे नोंदवून यादी परत पाठवावी.

(५) चाचणीसाठी मुद्दाम सदोष यादी तयार करावी : एक रकाना गाळलेली, एकात संख्येऐवजी अक्षरे असलेली, एकात अनोळखी रकाना घातलेली. आज्ञावली या तिन्हींना काय उत्तर देते हे पाहिल्याशिवाय ती स्वीकारू नये.

शिक्षकांना हा विषय वर्गात संगणकाविनाही समजावून देता येईल. विद्यार्थ्यांच्या तीन गटांना निरनिराळे कोरे नमुने द्यावेत. एकाने फळ्यावरील यादी वाचावी आणि इतरांनी ती नमुन्यात भरावी. एका गटास नमुना न देता "कोणत्याही कागदावर लिहा" असे सांगावे. शेवटी प्रत्येक गटाकडून क्षेत्राची बेरीज मागावी. नमुन्याचे महत्त्व व्याख्यानापेक्षा या प्रयोगाने अधिक लवकर पटेल.

गावकामगार तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, दप्तरातील नोंद चुकली तर खातेदार ती चावडीवर वाचून हरकत घेऊ शकत होता. संगणकातील यादी अशी कोणी मोठ्याने वाचीत नाही. ती एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे जाते आणि तिच्या आधारे देयके निघतात, मागणीपत्रे छापली जातात. म्हणून नमुना आधी ठरविणे, कोऱ्यास कोरेच म्हणणे आणि तेरीज जुळविणे या जुन्या दप्तरी शिस्तीची गरज यंत्र आल्यामुळे उणावलेली नाही. विचुंब्यातील गट असो वा नवीन पनवेलमधील भूखंड असो, नोंदीमागे एक कुटुंब असते. त्याच्या नावापुढील आकडा जसा होता तसाच पलीकडे पोहोचला, एवढे पाहिले तरी या विद्येचा उपयोग झाला असे म्हणता येईल.